तीन नंबरचा शेरा

माझ्या मावशीला शाळेत तिच्या मागे सगळे ‘टिपकागद’ म्हणतात. पर्समध्ये चष्मा नसला तरी तिचं भागेल, टिपकागद मात्र हवाच. ती अजून शाईच्या पेनाने लिहिते. एक ओळ झाली की टिपकागद दाबते आणि मग मान तिरकी करून त्या ओळीकडे एकदा बघून घेते. तिचं अक्षर छापल्यासारखं आहे असं लोक म्हणतात. शाळेतलं लिहायचं काहीही तिच्याकडेच येतं. प्रमाणपत्रं तीच लिहिते, निवृत्त होणाऱ्यांची मानपत्रं तीच लिहिते, आणि स्वच्छतागृहाच्या दारावरची ‘नळ बंद करावा’ ही पाटीसुद्धा तिच्याच हातची आहे.

गेली सव्वीस वर्षं ती आठवीची वर्गशिक्षिका आहे. आठवी आमच्या शाळेची शेवटची इयत्ता. त्यानंतर मुलं रस्त्यापलीकडच्या वरच्या शाळेत जातात. तिथे दोन विभाग आहेत. विज्ञान विभाग तिसऱ्या मजल्यावर, प्रयोगशाळेशेजारी. उद्योग विभाग मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे शिवण, वायरिंग आणि रुग्णसेवा शिकवतात. कोण कुठे जाणार हे दोन गोष्टींवर ठरतं: पंचाहत्तरच्या वर टक्के, आणि वर्गशिक्षिकेचा शेरा.

शेरा मनाने लिहायचा नसतो. सहा शेरे ठरलेले आहेत आणि वहीत नि दाखल्यावर फक्त नंबर टाकायचा असतो. एक म्हणजे कुशाग्र बुद्धी. दोन म्हणजे हुशार, पुढाकार घेणारा. तीन म्हणजे कष्टाळू, नम्र, आज्ञाधारक. चार ते सहा उतरत्या भाजणीचे. सहावा तर सरळ ‘पालकांनी भेटावे’. विज्ञान विभागाला एक किंवा दोन लागतो. तीन आला की टक्के कितीही असोत, शेड.

मावशीची आई, म्हणजे माझी आजी, एका वसतिगृहात शंभर पोरींच्या चादरी धुवायची. मावशी तिच्याशेजारी बादलीवर पाटी ठेवून शिकली. तिच्या अध्यापक विद्यालयाच्या दाखल्यावर ‘अतिशय कष्टाळू’ एवढे दोनच शब्द आहेत, आणि तो दाखला ती अजून दाखवते. त्या दोन शब्दांवर आपल्याला नोकरी लागली असं ती मानते. एखाद्याबद्दल तिला फार बरं वाटलं की ती म्हणते, “पोर कष्टाळू आहे हो.” त्यापुढचं कौतुक तिला ठाऊक नाही.

गावाच्या मधून नदी जाते आणि तिच्यावर लोखंडी पूल आहे. पुलापलीकडच्या लोकांच्या आजे-पणज्यांना कधीकाळी वीटभट्ट्यांवर राबायला लांबून आणलं होतं. भट्ट्या विझल्या, माणसं राहिली. त्यांचा रंग आमच्यापेक्षा बराच गडद, केस दाट आणि कुरळे. त्यामुळे पूल ओलांडून ती इकडे आली, इकडच्या शाळेत शिकली, इकडे नोकरीला लागली, तरी पलीकडचीच राहतात. मावशी दर रविवारी सकाळी पुलापलीकडे जाऊन मुलांना गणित फुकट शिकवते. तिकडच्या गल्लीत ती शिरली की ओट्यावर बसलेली माणसं उभी राहतात.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढचं ऐकून कोणी तिला दुष्ट म्हणेल. ती दुष्ट नाही.

यंदा वरून एक परिपत्रक आलं. प्रत्येक शाळेने समानता समिती नेमावी, वंशभेद आणि समान संधी या विषयावर दहा बैठका घ्याव्यात आणि इतिवृत्त पाठवावं. अक्षरामुळे इतिवृत्त अर्थातच मावशीकडे आलं. त्याच सुमारास जुन्या वह्या संगणकावर चढवायचं काम मुख्याध्यापकांनी मला दिलं. माझी नोकरी दोन महिन्यांनी सुरू होणार होती, मी घरी रिकामीच होते. शिक्षकांच्या खोलीतल्या खिडकीपाशी मला टेबल मिळालं. त्यामुळे बुधवारच्या बैठका मी पाठमोरी बसून ऐकल्या.

“आपल्या शाळेत भेदभाव नाहीच,” मुख्याध्यापकांनी तिसऱ्या बैठकीची सुरुवात केली. “तरी आपल्याला त्यावर चर्चा करायची आहे.”

“नसलेल्या दुखण्यावर दहा गोळ्या,” खेळाचे सर म्हणाले. “एक आज, नऊ उरल्या.”

“तिसरी आहे सर ही. सात उरल्या,” मावशी मान वर न करता म्हणाली.

इतिहासाच्या बाई नव्या होत्या, वर्षभरापूर्वी लागलेल्या. त्यांनी विचारलं, “वरच्या शाळेच्या शेडमध्ये पुलाच्या अलीकडचं एक तरी मूल आहे का?”

“कल असतो एकेकाचा,” मुख्याध्यापक म्हणाले. “त्यांच्या हातात कला आहे.”

“आणि पायातपण,” खेळाचे सर म्हणाले. “माझा धावण्याचा संघ बघा. सगळे तिकडचे. त्याबद्दल कोणी समिती नेमत नाही.”

“तेच म्हणतेय मी, सर. हात त्यांचे, पाय त्यांचे. डोकं कुणाचं?”

 मग मावशीने पेन थांबवून विचारलं, “हे इतिवृत्तात घ्यायचं का?”

“विचारांची देवाणघेवाण झाली, असं लिहा,” मुख्याध्यापक म्हणाले.

मावशीने लिहिलं आणि टिपकागद दाबला. घरी जाताना मात्र ती रिक्षात माझ्याकडे वळून म्हणाली, “ती पोरगी बोलली ते खरं आहे गं. वरच्या शाळेवाले त्या मुलांना वर येऊच देत नाहीत. मी इतकी जीव तोडून शिकवते आणि ते पोरांना शेडमध्ये नेऊन बसवतात.”

मी रिक्षाबाहेर बघायला लागले, कारण आदल्याच दिवशी शेवटची वही चढवून झाली होती आणि सहज म्हणून मी सगळ्या नोंदी पत्त्याप्रमाणे लावून पाहिल्या होत्या. दोन-चार मिनिटांचं काम. ते केलं नसतं तर बरं झालं असतं असं मला चार दिवस वाटत राहिलं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी ते कागद तिच्यापुढे ठेवले. पंचाहत्तरच्या वर टक्के मिळवलेली पुलापलीकडची मुलं, सव्वीस वर्षांत एकशे एकतीस. त्यातल्या एकशे चोवीस जणांपुढे तीन.

तिने चष्मा लावला. नावावरून बोट फिरवत ती एकेक ओळखायला लागली. “हा. हा दप्तर नसलेला, पिशवीत वह्या आणायचा. किती गुणी पोर. ही पहाटे भावंडांचं सगळं आवरून यायची, एक दिवस खाडा नाही. हा तर…” तिचा आवाज प्रेमाने भरलेला होता. दुसऱ्या पानावर तो बारीक झाला. तिसऱ्या पानावर ती बोलायची थांबली.

“मी वाईट कुठे काय लिहिलंय?” ती म्हणाली. “चांगलंच लिहिलंय ना?”

“चांगलंच लिहिलंयस.”

“माझ्या स्वतःच्या दाखल्यावर जे आहे तेच लिहिलंय मी त्यांच्या.”

“हो. पण आपल्या इकडच्या मुलांना नाही लिहिलंस.”

“इकडची मुलं कुठे एवढे कष्ट करतात?” हे ती पटकन बोलून गेली. मग ती माझ्याकडे बघत राहिली. तिला पुढचं दिसलं होतं. मी ते बोलायची गरज नव्हती. तरी मी बोलले.

“मी पण आहे मावशी त्या वह्यांमध्ये. गणितात त्रेसष्ट आणि टक्के कसेबसे शहात्तर. माझ्यापुढे एक आहे. कुशाग्र बुद्धी.”

“तू प्रश्न फार विचारायचीस.”

“ती पोरं नव्हती विचारत?”

“ती ऐकायची,” मावशी म्हणाली. “मला वाटायचं, किती शहाणी आहेत, ऐकतात.” तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि वरच्या शाळेवाल्यांचा विषय पुन्हा कधी काढला नाही.

यंदाच्या वहीत अशी एकच मुलगी होती. टक्के एक्क्याण्णव, गणितात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव, पत्ता पुलापलीकडचा. शेरा तीन. वही शाईने भरून, शिक्का मारून झाली होती. वरच्या शाळेत याद्या द्यायची मुदत शुक्रवारी चार वाजेपर्यंत होती.

मंगळवारी मुलीची आई शाळेत आली. रुग्णालयाच्या धुलाई विभागात ती चादरींना इस्त्री करते. दुपारच्या पाळीतून तासाची सुट्टी काढून आली होती, अंगावर निळा डगला तसाच. दारातच तिने मावशीच्या पायाला हात लावला. तीही मावशीची विद्यार्थिनी, मावशीच्या अगदी पहिल्या वर्गातली.

“बाई, पोरीला विज्ञानाला जायचंय. म्हणते, तीन नंबर आहे म्हणून घेत नाहीत. मला वाटलं तीन म्हणजे चांगला असतो. माझ्या वेळी पण तीनच होता.”

“चांगला असतो,” मावशी म्हणाली. “बस तू.”

“माझ्या आईने दाखला फ्रेम करून घेतला होता. अजून आहे भिंतीवर.”

मावशी उठली आणि तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली. मी मागोमाग गेले. शेरा बदलायचा आहे, असं तिने सांगितलं. मुख्याध्यापकांनी खण उघडून दुरुस्तीचा फॉर्म काढला. त्यावर दोन चौकटी होत्या.

“ही ‘अ’. लिहिताना झालेली चूक,” ते समजावून सांगायला लागले. “हात घसरला, एकाचा तीन झाला. तुम्ही सही केलीत की मी करतो, आजच्या आज बदल. ही ‘आ’. मूल्यमापनातली चूक. तिच्यावर खूण केलीत की वह्या सीलबंद होतात, तपासणी अधिकारी येतात, चौकशी होते. वर्ष जातं त्यात. तोवर यंदाचा एकही शेरा ग्राह्य नाही. वर्गातली सगळी मुलं लटकणार, आणि ही मुलगी सगळ्यात आधी.”

मावशी ‘अ’खालचं बारीक छापलेलं वाचत होती. मीही वाचलं. ‘माझ्या हातच्या इतर सर्व नोंदी मी तपासल्या असून त्या बरोबर आहेत, असे मी प्रतिज्ञापूर्वक लिहून देते.’

“सर, हे वाक्य खोडता येईल का?”

“छापील आहे बाई ते.”

“मी तपासल्यात नोंदी. परवाच तपासल्यात. बरोबर नाहीत.”

मुख्याध्यापक वाईट गृहस्थ नाहीत. त्यांनी उठून आधी दार लावलं. “बाई, मी तुमचं हे वाक्य ऐकलं नाही. फॉर्म घेऊन जा. शुक्रवारपर्यंत विचार करा.”

बुधवारच्या बैठकीत मावशीने पेन खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं, आकड्यांसकट.  इतिहासाच्या बाईंचे डोळे चमकले.

“‘आ’ भरा बाई. इतकी वर्षं कोणी कबूल केलं नाही ते तुम्ही करताय. एकशे चोवीस मुलांना निदान कळेल तरी.”

“आणि या मुलीचं?”

“एक वर्ष थांबेल ती.”

“वर्षभर थांबून काय करेल? मी सांगते काय करेल. आईबरोबर धुलाईला जाईल, आणि तिथल्या पगाराची घराला सवय झाली की परत येणार नाही. सव्वीस वर्षांत थांबलेलं एक पोर परत आलेलं मी पाहिलं नाही.”

“म्हणजे मग दर वर्षी एकेकाला ‘अ’ भरून सोडवत बसायचं?”

“तसंही चालणार नाही,” खेळाचे सर पहिल्यांदाच सरळ आवाजात म्हणाले. “दुसऱ्यांदा हात घसरला म्हणालात तर कोण विश्वास ठेवेल? तुमचं अक्षर बघा.”



गुरुवारी मावशी मुलीच्या आईला भेटायला धुलाई विभागात गेली. गरम वाफेने भरलेली ती खोली, घडीवर घडी पांढऱ्या चादरी, आणि यंत्राचा इतका आवाज की दोघी एकमेकींच्या कानाशी बोलत होत्या; हे सगळं मावशीनेच मला रात्री सांगितलं. मावशीने तिला दोन्ही चौकटी समजावून सांगितल्या. तुझ्याही नोंदीचा त्यात प्रश्न आहे, असंही सांगितलं.

“बाई, माझं राहू द्या,” ती चादर ओढून सरळ करत म्हणाली. “माझं काय व्हायचंय आता. पोरीचं तेवढं करा.”

“पण बाकीचे…”

“बाकीच्यांच्या आया बघतील ना. मी माझ्या पोरीसाठी आलेय.”

शुक्रवारी साडेतीनला मावशीने ‘अ’वर खूण केली. सही केली. टिपकागद दाबला. पण या वेळी मान तिरकी करून ओळीकडे बघितलं नाही. लाल शाईने तीन खोडून एक केला आणि मी यादी घेऊन रस्ता ओलांडला. चारला दहा मिनिटं कमी होती.

पुढच्या बैठकीत मुख्याध्यापक खुशीत होते. वरून कौतुकाचं पत्र आलं होतं. समितीच्या चर्चेतून एका विद्यार्थिनीला न्याय मिळाला, असं इतिवृत्तात लिहायला त्यांनी सांगितलं. मावशीने लिहिलं. इतिहासाच्या बाई खिडकीबाहेर बघत बसल्या आणि पुढच्या बुधवारपासून आल्याच नाहीत. तासाच्या वेळी येत आणि घंटा झाली की जात. मावशीशी त्या ‘नमस्कार’ एवढंच बोलत.

महिनाभराने मावशी पुन्हा मुख्याध्यापकांकडे गेली, मीही बरोबर होते. आता यादी देऊन झाली, मुलीचा प्रवेश झाला, आता मला ‘आ’ भरायचा आहे, असं म्हणाली. त्यांनी कपाटातून तिचाच फॉर्म काढून टेबलावर ठेवला.

“इतर सर्व नोंदी बरोबर आहेत, असं कोणी लिहिलंय हे?”

“मी.”

“मग आता त्या बरोबर नाहीत म्हणालात तर हा फॉर्म खोटा ठरतो. फॉर्म खोटा म्हणजे दुरुस्ती रद्द. दुरुस्ती रद्द म्हणजे मुलगी तिसऱ्या मजल्यावरून खाली. करायचं?”

मावशीने फॉर्मकडे बघितलं. अक्षर फार सुंदर आलं होतं.

“मग मला आठवीतून काढा, सर. शेरे दुसऱ्या कोणालातरी द्या.”

“तुमच्यासारखं कोण लिहिणार आहे बाई?” ते मनापासून म्हणाले.

त्या रविवारी पुलापलीकडे जायला ती तयार नव्हती. पण मुलीच्या आईने जेवायला बोलावलं होतं, आणि नाही म्हणायला कारण सापडेना. मी स्कूटरवरून तिला घेऊन गेले. गल्लीत नेहमीप्रमाणे माणसं उभी राहिली. मावशी मान खाली घालून चालली.

एकाच खोलीचं घर, आत स्वयंपाकाचा कोपरा, मध्ये पडदा. मुलगी आमच्याकडे बघून हसली आणि तिसऱ्या मजल्यावरची पुस्तकं दाखवायला लागली. प्रयोगशाळेत तिने काय फोडलं तेही सांगितलं. मग मैत्रिणीने हाक मारली म्हणून बाहेर पळाली.

भिंतीवर दोन फ्रेमा शेजारी शेजारी होत्या. एकीची काच नवी. तिच्यात मुलीचा दाखला, शेरा एक. दुसरीचा कागद पिवळा पडलेला, शेरा तीन. दोन्हींमधलं अक्षर एकच.

“बघा बाई,” आई कौतुकाने म्हणाली, “इतक्या वर्षांत तुमच्या अक्षरात काडीचा फरक नाही.”

मावशीला बसायला खुर्ची दिली होती ती नेमकी त्या भिंतीसमोर. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलणं झालं. धुलाई विभागातलं नवं यंत्र, मुलीच्या बसचा पास. मग आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “एक विचारू का? पोरीच्या वेळी तुमचा हात चुकला. माझ्या वेळी पण तसंच काही झालं होतं का?”

हो म्हणणं सोपं होतं. खोटं तर तिने लिहूनच दिलं होतं. मावशी म्हणाली, “नाही. हात नव्हता चुकला. ना तुझ्या वेळी, ना हिच्या वेळी.”

“तेच म्हणते मी,” आई पहिलं अर्धंच ऐकल्यासारखी म्हणाली. “मला कुठे येत होतं एवढं. गणित तर माझं कच्चंच होतं.”

“तुला गणितात चौऱ्याऐंशी होते.”

“कोणाला?”

“तुला. मी वहीत बघितलंय.”

आई उभी होती तिथेच उभी राहिली. एकदा फ्रेमकडे बघितलं, एकदा स्वतःच्या हातांकडे. इस्त्रीच्या चटक्यांनी तिच्या मनगटापाशी फिकट चट्टे पडलेले आहेत. मावशी काहीतरी बोलायला गेली, पण आईने हात किंचित वर केला. रागाने नाही. वर्गात बोलायची परवानगी मागतात तसा.

“चहा ठेवते,” ती म्हणाली आणि पडद्याआड गेली.

आत नळ सुरू झाला. भांड्याचा आवाज नाही, काडी ओढल्याचा नाही, नुसतं पाणी वाहत राहिलं. मी मावशीकडे बघितलं. उठून जावं तर चहा सांगितलेला, बसावं तर समोर तिचंच अक्षर. तिने पर्स उघडली, टिपकागद बाहेर काढला, आणि तो मांडीवर धरून ती तशीच बसून राहिली.

आतला नळ बराच वेळ चालू होता.